सगळंच 'नॉर्मल' कसं काय असेल? साध्या, सपक आणि चाकोरीतल्या गोष्टींना इंग्रजीत नेमकं काय म्हणायचं

संध्याकाळच्या बॅचला एकदा सगळ्यांना विचारलं, रविवारी काय काय केलं ते इंग्रजीत सांगा, आणि ते कसं होतं तेही सांगा. आठ पोरं होती, आठही उत्तरं सारखी. पिक्चर नॉर्मल, जेवण नॉर्मल, क्रिकेटची मॅच नॉर्मल, आणि एक जण निपाणीला मामाच्या लग्नाला जाऊन आलेला, त्याला विचारलं लग्न कसं झालं सांग की, तर "इट वॉज नॉर्मल सर". लग्न नॉर्मल म्हणजे नवरा पळून गेला नाही एवढंच मला कळलं.

हीच पोरं बाहेर चप्पल घालताना मराठीत काय बोलतात ऐका. पिक्चर लई रटाळ, आमटी अळणी, चहा पाणचट, भाषण मिळमिळीत, कॉलेज जेमतेम, दुकान काय कुठंही असतंय तसलं. म्हणजे डोक्यात फरक सगळा आहे, इंग्रजीत आलं की मात्र सगळं एकाच पोत्यात भरतात आणि पोत्यावर 'नॉर्मल' नाहीतर 'सिंपल' नाहीतर 'ऑर्डिनरी' लिहून मोकळे होतात. म्हणून आज ते पोतं उलटं करून निवडायला बसू.

आधी माझीच फजिती सांगतो, म्हणजे मी काय मोठा शहाणा आहे असं वाटायला नको. मी पूर्वी बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीच्या, म्हणजे धातू साच्यात ओतून वस्तू बनवणाऱ्या कारखान्याच्या, एक्स्पोर्ट ऑफिसात होतो. एकदा अमेरिकेचे एक गिऱ्हाईक बायकोला घेऊन कास्टिंग बघायला आले, दुपारी आमच्या घरी जेवायला आणलं, त्या बाईंनी जमिनीवर बसून हातानं भाकरी मोडून खाल्ली, आमच्या आईला भांडी उचलायला मदत केली, मला इतकं बरं वाटलं की मी मोठ्या कौतुकानं त्या साहेबांना म्हणालो, "युवर वाइफ इज व्हेरी होमली". साहेब गप्प. बाई हसल्या, पण कसल्या हसल्या ते मला दोन वर्षांनी कळलं, जेव्हा डिक्शनरी उघडून बघितली. आपल्याकडं लग्नाच्या जाहिरातीत 'होमली' म्हणजे घरगुती वळणाची मुलगी, इंग्लंडात 'होमली' म्हणजे घरासारखं ऊबदार वाटणारी जागा, आणि अमेरिकेत माणसाला 'होमली' म्हटलं की दिसायला बेताची. मी त्यांना आमच्याच घरात बसवून, त्यांच्या तोंडावर.

तेव्हापासून माझी एक सवय आहे, तीच तुम्हाला सांगतो. इंग्रजी शब्द शोधायच्या आधी ती गोष्ट मराठीत काय आहे ते मनात म्हणायचं, आणि मग स्वतःला विचारायचं की मी तक्रार करतोय, कौतुक करतोय, की नुसती माहिती देतोय. 'साधा' या एका शब्दात मराठीत तिन्ही बसतात कारण आपण सूर बदलून काम भागवतो, इंग्रजीत लिहिताना सूर नसतो, मेलमध्ये तर नाहीच नाही, तिथं शब्दालाच तो सूर लावावा लागतो.

चवीपासून सुरू करू, कारण बेळगावात त्याच्याएवढं कशावरच भांडण होत नाही. 'ब्लँड' म्हणजे सपक. तिखट-मीठ-मसाला काही जाणवत नाही असलं. आपले कन्नड शेजारी 'सप्पे' म्हणतात, आपण 'सपक', कानाला जवळजवळ तेच, त्यामुळं हा शब्द आपल्या भागातल्या पोरांच्या पटकन लक्षात राहतो. ब्लँड ही प्रत्येक वेळी शिवी नसते, टायफॉइडमधून उठलेल्या माणसाला डॉक्टर 'ब्लँड डाएट' सांगतात तेव्हा त्यात तक्रार कसली, मऊ भात आणि वरण, बस. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच मऊ, गुळगुळीत असा होता. पुढाऱ्यानं कुणालाच न दुखावता गोल गोल बोललं तर तेही ब्लँड स्टेटमेंट. 'इनसिपिड' हा त्याच्या पुढचा, यात चवच नाही आणि बोलणाऱ्याला ते आवडलेलं नाही, पाणचट चहा इनसिपिड, मिळमिळीत भाषणही इनसिपिड. 'टेस्टलेस' मात्र जपून. जेवणाला चालतो, पण 'टेस्टलेस जोक' म्हणजे सपक विनोद नव्हे, म्हणजे चारचौघांत सांगू नये असला. विनोद नुसता पडला असेल तर 'फ्लॅट' म्हणा. आणि आपला 'अळणी'? याला नेमका एक शब्द शोधत बसू नका, 'अनसॉल्टेड' लोण्याच्या पाकिटावर लिहितात, आमटीला सरळ 'इट नीड्स सॉल्ट' म्हणायचं, झालं.

इथंच 'व्हॅनिला' येतो आणि हा शब्द मला फार आवडतो कारण त्याच्यावर अन्यायच झालाय. आइस्क्रीममध्ये ज्याला काही सुचत नाही तो व्हॅनिला घेतो, म्हणून 'प्लेन व्हॅनिला' म्हणजे कसलीच भर न घातलेलं, मूळ रूपातलं. सॉफ्टवेअरवाले म्हणतात, शेअर बाजारवाले म्हणतात, आणि त्यांच्या तोंडी यात तक्रार नसते, फक्त एक्स्ट्रा काही नाही एवढाच अर्थ. पण खरी व्हॅनिला ही केशराच्या खालोखाल महाग गणली जाते. त्याचं फूल बहुतेक ठिकाणी हातानं फळवावं लागतं, एकेक फूल, आणि ही सोपी पद्धत 1841 साली रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम पोरानं शोधून काढली. आपल्या कर्नाटकातही मलनाडात शेतकऱ्यांनी 2000 नंतर भाव चढले तेव्हा व्हॅनिला लावली आणि पुढं भाव कोसळल्यावर पुष्कळांनी काढून टाकली. एवढा उपद्व्याप करून जी शेंग मिळते तिच्या नावाचा अर्थ 'बिनकामाचं साधं' व्हावा, काय बोलायचं.

आता दर्जा. जेमतेम, बरा, ठीकठाक, कामचलाऊ. यात पोरं सगळ्यात जास्त चुकतात कारण 'ॲव्हरेज' आणि 'मीडिओकर' एकच समजतात. 'ॲव्हरेज' ही माहिती आहे, वर्गात मधे कुठंतरी आहे. 'मीडिओकर' हा नाराजीचा शब्द आहे, याच्याकडून जास्त अपेक्षा होती किंवा हा जास्तीचा आव आणत होता आणि निघाला मधलाच. लॅटिनमध्ये याची फोड केली तर 'डोंगराच्या अर्ध्यावर' अशी होते. येळ्ळूरच्या राजहंसगडावर निघालेला गडी निम्म्यावर दगडावर बसून राहिला, आणि खाली येऊन गड बघितला म्हणून सांगत सुटला, तो मीडिओकर. म्हणून पाहुण्याच्या पोराला 'मीडिओकर स्टुडंट' म्हणू नका, बापाच्या तोंडावर तर नकोच, 'ॲव्हरेज' म्हणा किंवा 'डूइंग ऑलराइट' म्हणा.

ॲव्हरेजची एक गंमत मला ऑफिसातच कळली. जहाजानं माल पाठवताना विम्याच्या कागदावर 'जनरल ॲव्हरेज' असं यायचं आणि मला वाटायचं ही कसली सरासरी. तर जहाज वाचवायला काही माल समुद्रात टाकावा लागला तर ते नुकसान सगळ्या मालवाल्यांनी आपापल्या हिश्शानं वाटून घ्यायचं, याला ते नाव. सरासरीचा अर्थ या वाटून घेण्यातूनच पुढं आला.

बरं, शिडी लावायची तर वरून खाली अशी लावा: 'डीसेंट' म्हणजे बऱ्यापैकी, हे कौतुकच आहे. 'ओके' म्हणजे चालेल. 'सो-सो' म्हणजे काही खास नाही. 'पासेबल' म्हणजे ढकलला कसातरी. मग मीडिओकर. हल्लीची पोरं 'मिड' म्हणतात, ते इन्स्टावर ठीक, इंटरव्ह्यूत नको.

'रन-ऑफ-द-मिल' या शब्दाशी माझी जुनी ओळख. गिरणीतून जसा माल बाहेर पडला तसाच, निवड-पाखड न केलेला, तो रन ऑफ द मिल. कुठल्याही कारखान्यात काम केलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पिक्चर, कॉलेज, हॉटेल, मोबाइल, जे शंभरातलं एक आहे आणि वेगळं काढून दाखवण्यासारखं काही नाही त्याला हा शब्द चपखल बसतो. अमेरिकेत याच अर्थानं 'गार्डन-व्हरायटी' म्हणतात, ब्रिटिश लोक 'बॉग-स्टँडर्ड' म्हणतात, पण तो जरा चहाच्या टपरीवरचा शब्द आहे, ऑफिसच्या मेलमध्ये घालू नका. 'बनाल'चं मूळही गिरणीशीच नेऊन पोचवतात बघा, फ्रान्सात जुन्या काळी जहागीरदाराची चक्की आणि भट्टी असायची आणि सगळ्या रयतेनं तिथंच दळायचं, तिथंच पाव भाजायचा अशी सक्ती. जे सगळ्यांचं तेच बनाल. आज बनाल म्हणजे इतकं सामान्य की ऐकून कंटाळा यावा. संक्रांतीला व्हॉट्सॲपवर येणारे मेसेज, सगळे बनाल, मी पण पाठवतो.

रोजच्या रहाटगाडग्याला 'मनडेन' म्हणायचं. लाइट बिल भरणं, गॅस बुक करणं, गिरणीतून पीठ आणणं, ही मनडेन टास्क्स. मूळ शब्दाचा अर्थ 'जगाचं, या लोकीचं', म्हणजे आपल्याकडं परमार्थ एका बाजूला आणि प्रपंच दुसऱ्या बाजूला, त्यातला प्रपंच म्हणजे मनडेन. असं सांगितलं की वारीला जाणाऱ्या घरातली पोरं लगेच मान डोलावतात. 'हमड्रम' पण तसलंच, फक्त त्यात कंटाळ्याचा गुणगुणाट जास्त, एकसुरी नोकरी, एकसुरी दिवस. नुसतं 'रोजचं' म्हणायचं असेल, कंटाळा दाखवायचा नसेल, तर 'एव्हरीडे' पुरेसा आहे, एव्हरीडे क्लोद्स, एव्हरीडे इंग्लिश. 'ट्रिव्हियल' म्हणजे क्षुल्लक, तिठ्यावरचं. लॅटिनमध्ये ट्रिव्हियम म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा. तिथं लोक उभे राहून काय बोलणार, तेच.

'पेडेस्ट्रियन' बघून सगळे फसतात. बॅचमधल्या पोरानं इंग्रजी पेपरात वाचलं 'पेडेस्ट्रियन बॅटिंग', तर त्याला वाटलं पादचाऱ्यांसाठी काहीतरी. पेडेस्ट्रियन म्हणजे पायी चालणारा हे खरंच, पण लिखाणाला, भाषणाला, खेळाला म्हटलं की घोड्यावर न बसलेलं, रखडत रखडत चाललेलं, कल्पनेची झेप नसलेलं. माणसाला लावू नका, कामाला लावा.

आता माझा सगळ्यात लाडका भाग, कारण हा सगळा आमच्या फाउंड्रीचा आहे. आपण मराठीत 'साचेबद्ध' म्हणतो ना, साच्यातून काढलेलं, एकासारखं एक. इंग्रजीतले 'क्लीशे' आणि 'स्टिरिओटाइप' हे दोन्ही शब्द अक्षरशः ओतकामातून आलेत. पूर्वी छापखान्यात खिळे जुळवून पान तयार झालं की त्याचा साचा घ्यायचे आणि धातू ओतून अख्ख्या पानाची एकच प्लेट बनवायचे, म्हणजे पुन्हा पुन्हा छापायला खिळे जुळवत बसायला नको. त्या प्लेटला ही दोन्ही नावं होती, 'क्लीशे' फ्रेंच. पुढं अर्थ सरकला. तयार ओतून ठेवलेलं वाक्य, जे कुणीही उचलून कुठंही बसवतो, ते क्लीशे. तयार ओतून ठेवलेलं माणसांबद्दलचं मत, ते स्टिरिओटाइप. बेळगावचे लोक म्हणजे सारखे सीमाप्रश्नावरच बोलणार, हा स्टिरिओटाइप. बारावीच्या निबंधात 'विज्ञान शाप की वरदान', हा क्लीशे. वाक्यात 'क्लीशे' हे नाम आणि 'क्लीशेड' हे विशेषण, एवढं सांभाळा.

याच घरातले आणखी दोन. 'ट्राइट' म्हणजे शब्दशः घासलेलं, झिजलेलं, आपण म्हणतो की घासून गुळगुळीत झालेलं, अगदी तेच, कुठलीच ओढाताण न करता. 'हॅकनीड' म्हणजे भाड्याच्या घोड्यासारखं, हॅकनी हा भाड्यानं मिळणारा घोडा, जो येईल तो त्याच्यावर बसणार, दमून दमून त्याचं काय व्हायचं ते झालेलं. ट्राइट बहुतेक बोलण्याला लावतात, हॅकनीड वाक्प्रचाराला आणि गोष्टीच्या प्लॉटला. इंजिनिअरिंगच्या पोरांनी 'नॉर्मल'चं मूळ पण लक्षात ठेवावं, लॅटिनमध्ये 'नॉर्मा' म्हणजे सुताराचा गुण्या. जे गुण्याला लागतं ते नॉर्मल, म्हणून गणितात काटकोनातल्या रेषेला नॉर्मल म्हणतात. आमच्या पॅटर्न शॉपच्या, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने करणाऱ्या, मिस्त्रींना हे सांगितलं तर ते म्हणाले, मग आम्ही लहानपणापासून इंग्रजीच बोलूलालोय की.

रीत पाळणाऱ्याला 'कन्व्हेन्शनल'. यात कंटाळा नाही, नुसतं चालत आलेल्या पद्धतीनं. कन्व्हेन्शनल लग्न, कन्व्हेन्शनल शेती, कन्व्हेन्शनल शस्त्रं म्हणजे अणुबॉम्ब सोडून बाकीची. 'ट्रॅडिशनल'मध्ये परंपरेचा मान असतो, आपले मांडे ट्रॅडिशनल आहेत, कन्व्हेन्शनल नाहीत. 'ऑर्थोडॉक्स' म्हणजे धर्म, मत किंवा शास्त्र काटेकोर पाळणारं, क्रिकेटमध्ये डावखुऱ्या स्पिनरला ऑर्थोडॉक्स म्हणतात तेव्हा तो देवभोळा आहे असं नाही, बोटांनी स्पिन करायची त्याची पद्धत पुस्तकातली आहे. बायोडेटात 'ऑर्थोडॉक्स फॅमिली' लिहिलेलं दिसतं, त्यातून परदेशी माणूस भलताच अर्थ काढू शकतो, त्यापेक्षा ट्रॅडिशनल बरं.

दिसण्याबद्दल दोनच सांगतो. 'ड्रॅब' म्हणजे मळकट, उदास रंगाचं, मूळ न रंगवलेल्या कापडावरून आलेला शब्द. शहापूर-वडगावात माग असलेल्या घरातल्या पोरांना न रंगवलेलं सूत कसं दिसतं ते सांगायला नको. आणि 'नॉनडिस्क्रिप्ट' म्हणजे वर्णन करण्यासारखं काही सापडतच नाही असलं, समोरून गेलं तर आठवणार नाही अशी इमारत, असा माणूस. पूर्वी हा शब्द ज्या वनस्पतीचं किंवा प्राण्याचं शास्त्रीय वर्णन अजून झालेलंच नाही तिच्यासाठी होता, म्हणजे एकदम नवलाची वस्तू. शब्दाचं नशीब.

माणसांबद्दल बोलताना जरा थांबायचं. 'ही इज अ सिंपल मॅन' आपण साधा माणूस म्हणून कौतुकानं म्हणतो, पण बाहेर 'सिंपल' माणूस म्हणजे डोक्यानं कमी असाही अर्थ निघतो. 'प्लेन' चेहऱ्याला लावला की दुखावतो, बोलण्याला लावला, प्लेन-स्पोकन, की स्पष्टवक्ता. ब्रिटिश माणसानं कुणाला 'कॉमन' म्हटलं तर ते कमअस्सल म्हणून. ऑस्ट्रेलियन 'प्रिटी ऑर्डिनरी' म्हणाला तर समजा वाईटच झालं. साध्या, गर्व नसलेल्या माणसाला 'डाउन-टु-अर्थ' किंवा 'अनअझ्यूमिंग' म्हणा, मी त्या दिवशी हेच म्हणायला हवं होतं.

वस्तूला मात्र साधेपणाचं कौतुक करणारे शब्द भरपूर आहेत. आमचे एक काका चिवडा विकतात, साधा आणि स्पेशल असे दोन, पाकिटावर इंग्रजी हवं म्हणून त्यांनी छापून आणलं 'ऑर्डिनरी चिवडा'. म्हटलं काका, खानापूरची बस ऑर्डिनरी असू दे, ती गाडीची जात झाली, पण गिऱ्हाइकाला ऑर्डिनरी खा म्हणून कोण सांगतंय. 'क्लासिक' लिहायला लावलं. मेनूकार्डावर साध्याला 'प्लेन' नाहीतर 'रेग्युलर'. फार सजावट नसलेल्या लॉजला 'नो-फ्रिल्स', गडद-भडक नसलेल्या साडीला 'अंडरस्टेटेड'.

अजून एक घोळ, 'क्वाइट गुड'. अमेरिकन म्हणाला तर खूप छान, ब्रिटिश म्हणाला तर बरंय, पण. उलट ब्रिटिश 'नॉट बॅड' म्हणाला की खूश व्हा, आपल्या बाजारात कन्नड माणूस चव बघून 'परवागिल्ल' म्हणतो तसलं ते, तोंडावर काही दाखवत नाही, पण पाव किलो घेऊन जातो. आणि क्लायंटचं काम सपक वाटलं तर थेट 'ब्लँड' न म्हणता 'इट फेल्ट अ बिट प्लेन टु मी' म्हणा, 'अ बिट' आणि 'टु मी' हे तिखटावर दही आहे.

सराव असा करा. रोज खडेबाजारातून किंवा तुमच्या गल्लीतून जाताना पाच गोष्टी बघा आणि नॉर्मल, सिंपल, ऑर्डिनरी, नाइस हे चार शब्द बंद ठेवून त्यांचं वर्णन करा. शब्द एकटा पाठ करू नका, जोडीदारासकट करा, ब्लँड फूड, मनडेन टास्क, ट्राइट रिमार्क, ड्रॅब रूम, नॉनडिस्क्रिप्ट बिल्डिंग. आयएल्ट्स, म्हणजे परदेशात जायला लागते ती इंग्रजीची परीक्षा, देणाऱ्यांना तर हे हवंच, स्पीकिंगच्या 11 ते 14 मिनिटांत चार गोष्टींचे मार्क असतात आणि त्यात एक पूर्ण वाटा शब्दसंपत्तीचा, पण शब्द अवघड असला म्हणून मार्क मिळत नाहीत, जागेवर बसला पाहिजे. मनडेन बिर्याणी म्हणालात तर गेलं.

आणि उच्चार. मीडिओकर, मेडिओक्रे नव्हे, मी स्वतः कित्येक वर्षं मेडिओक्रे म्हणत होतो आणि कुणी टोकलं नाही कारण आजूबाजूचे सगळे तेच म्हणत होते. क्लीशे, क्लिच नव्हे. बनाल म्हणताना जोर शेवटी. हॅकनीड दोनच तुकड्यांत, हॅक-नीड, हॅकनेयेड नव्हे. इनसिपिडमध्ये जोर 'सि'वर. मनडेनमध्ये जोर 'डेन'वर, पण सोमवारी सकाळी ऑफिसात कुणी 'मंडे' म्हणालं आणि तुम्हाला मनडेन ऐकू आलं तर तेही काही फार चुकीचं नाही.